माझ्या बाजूला ब्रेक नव्हता

आमच्या धंद्यात गाडी म्हणजे वॅगन आर. पुढे-मागे लाल ‘एल’, टपावर ड्रायव्हिंग शाळेचा बोर्ड आणि डावीकडे माझ्या पायाशी जादाचा क्लच आणि ब्रेक. शाळेच्या गाडीला ही सोय कायद्यानेच लागते. शिकणाऱ्याला वाटतं गाडी आपण चालवतोय. सुरुवातीला निम्मी गाडी मीच चालवत असते आणि ते त्याला कळू न देणं हेच खरं कसब. म्हणून पुण्यातल्या एनआयबीएम रोडवरून एका बाईंचा फोन आला, की मुलाने गाडी घेतलीय, त्याच गाडीवर शिकवा, तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. त्यांनी गाडीचं नाव सांगितलं आणि मी म्हटलं, बघायला येते.

बीएमडब्ल्यू एम टू. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, दोन टर्बो आणि मुद्दाम सांगून घेतलेला सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. मुलगा अमेरिकेत राहून परतलेला, तिशीच्या आतला. आजवर सगळं ड्रायव्हिंग ऑटोमॅटिकवर. “मग मॅन्युअल कशाला घेतलीस?” तर म्हणाला, “मॅडम, थोड्या वर्षांनी अशी गाडी मिळणारच नाही.” खरं होतं त्याचं. पण शोरूमच्या माणसाने बेसमेंटमध्ये आणून लावली, तेव्हापासून ती तिथेच कव्हरखाली होती.

लायसन्स होतं. इथे येऊन ऑटोमॅटिकवर टेस्ट देऊन काढलेलं. इंग्लंडात ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली तर लायसन्स ऑटोमॅटिकपुरतंच मिळतं. आपल्याकडे एलएमव्ही, म्हणजे हलकं वाहन, एवढं छापलं की विषय संपला. क्लचवर उभ्या जन्मात पाय ठेवला नसेल तरी कुठलीही कार घेऊन रस्त्यावर या, कोणी विचारत नाही. आणि आमचे काही व्यवसायबंधू फॉर्म भरून देण्यालाच शिकवणं म्हणतात, ते वेगळंच.

माझी अट एकच होती, आधी वॅगन आर. त्याला ती अपमानास्पद वाटली असणार, पण आईसमोर काही बोलला नाही. उंड्रीच्या पुढे प्लॉटिंगचे रिकामे रस्ते आहेत, तिथे नेलं. मी पहिल्या दिवशी कोणालाच रेस देऊ देत नाही. उजवा पाय खाली, डावी टाच जमिनीला टेकवायची आणि नुसत्या क्लचवर गाडी हलवायची. क्लच पकडायला लागला की इंजिनचा आवाज जरा दबतो, बॉनेट किंचित उचलतं, सीटला बारीक थरथर येते. तिथे पाय थांबला पाहिजे. सगळे तिथेच पाय सोडतात, कारण गाडी हलली की काम झालं असं वाटतं. त्यानेही सोडला. आचका, बंद. परत सुरू. परत आचका. मी फोन काढून बघत बसते अशा वेळी; आपण बघतोय म्हटलं की पाय अजून ताठरतो.

वॅगन आर जमल्यावर मग त्याची गाडी. आमच्या एक लिटरच्या वॅगन आरला ८९ न्यूटन-मीटर टॉर्क, हिला ५५०. लोकांना वाटतं एवढी ताकद म्हणजे शिकायला अवघड. उलट आहे. पहिल्या गिअरमध्ये ही गाडी रेस न देता नुसत्या क्लचवर अलगद निघते. अवघड आहे ते बाकीचं. क्लच जड. सिग्नलला न्यूट्रल करून क्लच सोडला की पेट्रोल वाचवायला इंजिन आपणहून बंद होतं. त्याला दर वेळी वाटायचं आपणच बंद पाडली, आणि कानशिलं लाल व्हायची. ते बटण शोधून मी बंद करायला लावलं.

खरी मेख रिव्हर्सची. आमच्या गाडीत रिव्हर्स उजवीकडे खाली, पाचव्याच्या मागे. हिच्यात डावीकडे वर, पहिल्याच्या शेजारी. मध्ये थोडा जोर लावावा लागतो एवढीच आडकाठी. घाबरलेल्या हाताला जोराची कमी नसते.

आणि माझ्या पायाशी काहीच नाही. गालिचा. हँडब्रेकचा दांडा असता तर निदान तो ओढता आला असता, पण इथे दोन सीटच्या मध्ये बोटाएवढं बटण. गाडी चालू असताना ते ओढून धरलं की ती ब्रेक मारते. हे मी आधी रिकाम्या रस्त्यावर करून पाहिलं होतं. त्यानंतर त्या गाडीत बसले की माझा उजवा हात तिथेच असायचा.

चढ शिकवायला बोपदेव घाट. पहाटे कोंढव्याच्या बाजूने निघालो. चांगला चढत होता, दुसऱ्या गिअरवर, वळणं अंगावर न घेता. वरच्या एका वळणाआधी पुढे एक ट्रक दम खाऊन थांबला. आम्ही थांबलो. मागून विटांनी भरलेला टेम्पो आला आणि असा चिकटला की आरशात फक्त त्याची काच. वर हॉर्न. चढावर उभ्या गाडीमागे जागा सोडायची असते हे आपल्याकडे कोणाला शिकवतच नाहीत, मग हॉर्न वाजवणाऱ्याला तरी काय बोलणार. पण मी बोलले, नंतर.

ट्रक हलला. याने क्लच दाबला आणि गिअरचा दांडा डावीकडे नेऊन वर ढकलला. माझं लक्ष त्याच्या पायाकडे होतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून स्क्रीन बदललेली दिसली: टेम्पोचा बंपर, त्याला लटकलेली लिंबू-मिरची, अगदी स्वच्छ. मागचा कॅमेरा लागला होता. म्हणजे रिव्हर्स. त्याचा पाय क्लचवरून उठायला लागला होता. मी बटण ओढलं आणि ओरडले, “क्लच!” गाडीने जागेवर एक गचका दिला आणि बंद पडली.

टेम्पोवाला मुंडी बाहेर काढून म्हणाला, “शिकायचंय तर मैदानात जा ना, ताई!” मी उतरले आणि त्याला आधी दहा फूट मागे घ्यायला लावलं. घेतला बिचाऱ्याने. परत येऊन बसले तर मुलाचे हात थरथरत होते. मी फक्त म्हटलं, गिअर टाकला की नजर एकदा आकड्यावर, मग पाय. निघाला. आचका नाही, काही नाही.

खरं तर इथे संपायला हवं होतं. घाट चढून गेल्यावर चहा झाला आणि मी त्याला विचारलं, खालचा गिअर टाकताना इंजिन आपोआप गुरगुरतं ते कशामुळे, माहितेय? म्हणाला, गाडीच रेस मॅच करते, खालच्या गिअरला लागेल तेवढी स्वतःच देते. मग मी त्याला ती सोय बंद करायला लावली. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. त्यांच्या उमेदीतल्या गाड्यांच्या गिअरबॉक्सला सिंक्रोमेश, म्हणजे गिअरांचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नसायची. क्लच दाब, न्यूट्रल, क्लच सोड, रेस दे, परत क्लच, मग खालचा गिअर. रेस चुकली की गिअर दातओठ खात परत यायचा. डबल क्लच मी त्यांच्याकडून शिकले. वॅगन आरवर त्याचा उपयोग शून्य. या गाडीलाही सगळं लागत नाही, क्लच दाबलेला असतानाच नेमकी रेस दिली की पुरे. उतारावर, तिसऱ्यातून दुसऱ्यात. त्याने बरेचदा कमी दिली, गाडी नाक खुपसायची. मग एकदा बरोबर बसली. काही जाणवलंच नाही, नुसता आवाज बदलला. तो हसला, आणि मीही.

पुण्यात भारी गाडी म्हटलं की मे २०२४ मधलं कल्याणीनगर आठवतंच. पोर्शेच्या धडकेत मोटरसायकलवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले. ती गाडी इलेक्ट्रिक, तिला क्लच नव्हताच. हिला होता. जोवर याला क्लच जमत नव्हता तोवर ही गाडी बेसमेंटमध्ये होती, आणि फार तर आचके देत सोसायटीच्या फाटकापर्यंत. ते मी मिटवलं. नीट मिटवलं, याबद्दल शंका नाही. हा मुलगा उर्मट नाही, दारू पिऊन चालवणारा वाटत नाही. पण मी ओळखते त्याचा डावा पाय, त्याला ओळखते असं कुठे म्हणता येईल?

परवा त्याच्या आईचा फोन आला. “मॅडम, तो आता रोज पहाटे घाटात जातो.” आवाजात तक्रार होती की कौतुक, कळेना. मी म्हटलं, रविवारी जाणार असेल तर मला घ्यायला ये म्हणावं. त्या म्हणाल्या, बरं झालं, तुम्ही असलात की काळजी नाही. मी काळजीनेच म्हटलं होतं. पण उतारावर एकदा गाडी मला दे, हेही मी त्याला सांगणार आहे, आणि ते त्यांना सांगितलं नाही.