मीही लोकांतलीच आहे

सोलापुरातल्या विजापूर वेशीतल्या आमच्या घरी रविवारी दुपारी बायका कुराण समजून घ्यायला जमतात. बहुतेक जणी विडी वळणाऱ्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू; सोमवारी माल द्यायचा असतो, त्यामुळे हात चालूच. आधी आयत म्हणजे कुराणातलं वचन, मग उर्दू तर्जुमा, मग आमच्या दखनी-मराठीत चर्चा.

मागे मी पैगंबरांच्या (स.) पत्नी उम्मे सलमांची हकीकत सांगितली. त्यांची वेणीफणी चालली होती, तेवढ्यात पैगंबरांची (स.) हाक आली, 'लोकहो!' त्या केस विंचरणाऱ्या मुलीला म्हणाल्या, बाजूला हो. मुलगी म्हणाली, त्यांनी पुरुषांना बोलावलंय, बायकांना नाही. 'मीही लोकांतलीच आहे,' उम्मे सलमा म्हणाल्या. 'सहीह मुस्लिम' या हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या नि आठवणींच्या, संग्रहात हे नोंदलेलं आहे. विडीचा दोरा बांधता बांधता एक खाला म्हणाल्या, "आपा, इत्ते सालां में ये बात हमकू कोई नै बोल्या."

का नाही बोललं? मला याचा मनापासून राग येतो. कुराणात आमचा उल्लेख पुरुषांसारखा का नाही, हेही उम्मे सलमांनीच विचारलं होतं. त्यावर सूरह अहज़ाबची ३५वी आयत उतरली, असं रिवायतीत, म्हणजे परंपरेनं आलेल्या कथनात, येतं. त्या आयतीत दहा गुण आहेत आणि प्रत्येक गुणात पुरुषाच्या बरोबरीने स्त्री. बाई समोरून गेल्याने नमाज मोडते, असं लोक म्हणू लागले तेव्हा पैगंबरांच्या दुसऱ्या एक पत्नी हज़रत आयेशांनी ठणकावलं: आम्हाला गाढवा-कुत्र्यांच्या पंगतीत बसवलंत! हे 'सहीह बुखारी' या हदीससंग्रहात आहे. आणि तोच ग्रंथ शिकवणाऱ्या नामांकित उस्तादांपैकी एक म्हणजे अकराव्या शतकात मक्केत शिकवणाऱ्या करीमा मरवज़िया. जौनपूरच्या मोहम्मद अक्रम नदवींनी हदीस शिकवणाऱ्या स्त्रियांची चरित्रं गोळा केली, तर ४३ खंड भरले.

स्त्रीच्या नजरेतून इस्लाम वाचणाऱ्या आमिना वदूद किंवा फातिमा मर्निसी या अभ्यासकांचं नाव काढलं की 'हे पाश्चात्त्य खूळ' म्हणतात. त्यांचे सगळेच निष्कर्ष मलाही पटत नाहीत. पण दीन, म्हणजे धर्म, बाईनं स्वतः वाचावा, अडेल तिथं विचारावं, हा रिवाज मदिनेतलाच आहे.

आता आम्ही निकाहनामा, म्हणजे लग्नाचा करार, वाचायला घेतलाय. हनफी पंथाच्या फिक्हप्रमाणे (धर्मशास्त्राप्रमाणे) तलाकचा अधिकार नवरा बायकोला सोपवू शकतो, त्याला तफवीज म्हणतात. तशी अट निकाहनाम्यात घालता येते. लग्न ठरलेल्या दोन मुलींच्या आयांनी ही अट कागदावर उतरवून नेलीय, काझीसाहेबांना दाखवायला.