बीटाच्या शेतातलं हसू

मंगळवार, रात्री

तो हसतोय कशाला, हेच डोक्यातून जात नाहीये.

वाचनालयात जुने फोटो लावलेत, इथल्याच, ब्रिटनमधल्या नॉरफोकच्या शेतांचे. एकात जर्मन युद्धकैदी बीट काढताहेत. साखरेचं बीट, कोशिंबिरीतलं नव्हे. उपटायचं, दोन बीटं एकमेकांवर आपटून चिखल झाडायचा, पाला छाटायचा, की पुढचं. छाटायची सुरी थेट आपल्या कोयत्यासारखी. एक जण पाठमोरा आहे, त्याच्या कपड्यावर वेगळ्या रंगाचं गोल ठिगळ. पळाला तर लांबून ओळखू यावा म्हणून. आणि हा शेजारचा बत्तीशी दाखवतोय!

खाली 1946 लिहिलंय. म्हणजे लढाई संपून वर्ष उलटलेलं. जर्मनी मे 1945 मध्येच शरण गेली होती, पण शेतात माणसं हवी होती. 1946 मध्ये 4 लाखांच्या आसपास जर्मन कैदी या देशात होते, आणि शेवटचे घरी गेले ते 1948 मध्ये. शेतकरी मजुरी सरकारात भरायचा. कैद्याला त्यातलं थोडं मिळायचं, तेही बराच काळ छावणीच्या दुकानातच चालणारं. शिक्षा झालेला माणूस निदान दिवस तरी मोजतो. याला कुठली तारीख? 1946 च्या डिसेंबरात लोकांशी मिसळायची बंदी सैल झाली, तेव्हा पावसुद्धा रेशनवर असताना काही घरांनी या कैद्यांना नाताळला जेवायला बोलावलं. फोटो त्याआधीचा की नंतरचा, कोण जाणे.

आमच्याकडे ऊसतोडीची टोळी आली की अप्पा फोटो काढायचे. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. उचल फिटेपर्यंत त्याही... जाऊ दे.

मी तरी काय करते? रविवारी आईला फोटो पाठवते. "हसतेयस, म्हणजे बरी आहेस," ती म्हणते. चार वाजताच पडणारा अंधार, त्या इंटरव्ह्यूचं जे झालं ते, ह्यांचं ते नेहमीचं, यातलं काहीच फोटोत येत नाही. बसमध्ये स्वतःची इतकी कीव आली की डोळेच भरले.

मग माझं मलाच हसू फुटलं. मला कुणी धरून आणलंय? व्हिसाचे पैसे आपणच भरले, रांगेत आपणच उभ्या राहिलो, आणि अंगावरचा कोट आपल्याच पसंतीचा, सेलमधला. त्या माणसाच्या शेजारी उभं राहून मी रडायचं म्हणजे जरा अतीच.

तरी तो हसत का होता? फोटोवाल्याने सांगितलं असेल. जेवणाची सुट्टी झाली असेल. नाहीतर शेजारचा जर्मनमधून शेतमालकाबद्दल काहीतरी चावट बोलला असेल, आणि मालक समोरच उभा असेल.

हेच असणार. टोळीतल्या बायकाही अप्पांबद्दलच बोलत असणार.