तुम्ही विचारलंत म्हणून: कॉलेजातलं एक तरी डिझाइन बांधलं गेलं का?

"पाच वर्षं एवढी डिझाइनं केलीस, त्यातलं एक तरी कुठं उभं राहिलं का गं?" मी आर्किटेक्ट, म्हणून हे मला लग्नकार्यात विचारतात, साइटवर विचारतात, बँकेतसुद्धा विचारून झालंय. विचारणाऱ्यांत माझे मामा आहेत, घर बांधायला आलेले लोक आहेत आणि अलीकडे बारावीच्या मुलामुलींचे पालक जास्त आहेत, कारण त्यांना पोराला आर्किटेक्चरला घालायचं की सिव्हिलला, हे ठरवायचं असतं. उत्तर सरळ आहे. नाही, एकही नाही. स्टुडिओतलं, म्हणजे कॉलेजात डिझाइन शिकताना केलेलं, काम बांधलं जाण्यासाठी नसतंच. पण एवढंच बोलून थांबलं तर पाच वर्षं कागदात गेली असं समोरच्याला वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्या घरात बांधकाम नवं नव्हतं. वडील गवंडी, वाईच्या आसपासच्या गावांतली कितीतरी घरं त्यांच्या हातची. ओळंबा धरायला आणि लेव्हल पाइपातलं पाणी बघायला मी शाळेत असतानाच शिकले. भिंत उभी कशी राहते हे मला ठाऊक होतं. ती भिंत तिथंच का, हे मात्र कुणी विचारताना मी पाहिलं नव्हतं. मालक सांगेल तिथं, नाहीतर शेजारच्याची आहे तशी. तो 'का' विचारायला शिकवणारी जागा म्हणजे पुण्यातल्या कॉलेजचा स्टुडिओ.

स्टुडिओ हा इतर विषयांसारखा तास नसतो. आठवड्यातले अर्धे अधिक तास त्यातच जातात. एका सरांकडे किंवा मॅडमकडे थोडी मुलं, प्रत्येकाच्या टेबलावर नकाशाचा पारदर्शक ट्रेसिंग पेपर पसरलेला, आणि आपण काढलेल्या प्रत्येक रेषेवर प्रश्न. सत्राच्या शेवटी ज्युरी. शीट्स भिंतीला लावायच्या, मॉडेल पुढ्यात ठेवायचं आणि बाहेरून आलेल्या आर्किटेक्टना दहा-पंधरा मिनिटांत पटवून द्यायचं. खिडकी इथं का? उन्हाळ्यात चार वाजता या खोलीत काय होईल? आजी या पायऱ्या कशा चढेल? "छान दिसतं म्हणून" हे उत्तर तिथं चालत नाही.

पहिल्या वर्षी तर डिझाइनला इमारतही नव्हती. आपल्याच घरातल्या वस्तू मोजायला सांगितल्या. मी आईचा स्वयंपाकाचा ओटा मोजला, पोळ्या लाटताना तिचा कोपर जमिनीपासून किती उंचीवर येतो ते मोजलं आणि मग घरातला जिना. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे घरातली पायरी 190 मिलिमीटरपेक्षा उंच नसावी आणि पाऊल ठेवायला किमान 250 मिलिमीटर जागा हवी. हे आकडे पाठ होतातच. पण आपल्या जिन्याची कुठली पायरी आईला उतरताना भिंतीचा आधार घ्यायला लावते, हे मोजल्यावर ते आकडे माणसाच्या गुडघ्याशी जोडले जातात. आजही मी ओट्याची उंची ठरवताना घरात स्वयंपाक कोण करतं ते विचारते आणि त्या बाईंना उभं करून टेप लावते. ठेकेदाराला हे फार लांबण लावणं वाटतं. मला वाटत नाही.

दुसऱ्या वर्षी मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा मोजायला गेलो. आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावरचा वाडा, लहानपणापासून पाहिलेला. तरी सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापली तर आत काय दिसेल तो नकाशा, काढेपर्यंत तो मला कळला नव्हता. एकानं टेप धरायची, दुसऱ्यानं आकडा ओरडायचा, तिसऱ्यानं लिहायचा. खांबाखांबातले खण मोजत गेलो की वाड्याचं सगळं गणित उलगडतं: ओसरी किती खोल असली म्हणजे सोप्यात ऊन शिरत नाही, चौकातून उजेड कुठपर्यंत पोचतो, भिंत खाली किती जाड आणि वर किती. वडिलांना मी तो सेक्शन दाखवला तेव्हा त्यांनी बराच वेळ कडीपाटाचा जोड बघितला आणि त्यात एक दुरुस्ती सुचवली, ती पुढच्या शीटवर गेली.

त्याच वर्षी गावातल्या शाळेचं डिझाइन होतं. अर्ध्या वर्गाला जागा महाबळेश्वरच्या बाजूची, अर्ध्याला वाईची. अंतर तीस-पस्तीस किलोमीटर. पण महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि वाईला एक हजारही नाही. तीच पटसंख्या, तेवढ्याच खोल्या, आणि दोन्हीकडच्या शाळा एकमेकींसारख्या दिसूच शकत नाहीत. महाबळेश्वरकडे छपराचा उतार आणि पागोळ्यांचं पाणी यातच निम्मं डिझाइन संपतं, वाईकडे सगळा विचार सावलीचा. आता भरपूर पावसाच्या जावळीकडचा कुणी मोबाइलवर सपाट स्लॅबच्या, चकचकीत घराचा फोटो घेऊन येतो, तेव्हा मी फोटोला नावं ठेवत नाही. जुलैत गच्चीवर किती पाणी साचतं आणि ते कुठून जाणार, हे त्याच्याबरोबर बसून काढते. बहुतेक लोक स्वतःच उतरत्या छपरावर येतात.

तिसऱ्या वर्षीचा विषय गृहरचना, आणि त्यासाठी आम्हाला सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजला नेलं. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी 1983 ते 1986च्या दरम्यान केलेली वसाहत. सात-सात घरं एका लहान चौकाभोवती, चौक साधारण आठ मीटर लांब आणि तेवढाच रुंद. अशा गटांचे मिळून मोठे गट, त्यांचा आणखी मोठा चौक. भूखंड 45 चौरस मीटरपासून सुरू होतात. सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट अशी, की शेजाऱ्या-शेजाऱ्यांत सामाईक भिंत ठेवलेली नाही, म्हणजे ज्याला जेव्हा परवडेल तेव्हा त्यानं आपलं घर वाढवावं. मॅडमनी सांगितलं, मूळ नकाशे पुस्तकात आहेत, ते उतरवू नका. आज तिथं काय उभं आहे ते काढा.

आज तिथं बऱ्याच जणांनी मूळची उतरत्या छपराची घरं पाडून मजल्यांवर मजले चढवलेत. वर्गात यावरून मोठा वाद झाला. पुष्कळांना हळहळ वाटली. माझं मत तेव्हाही वेगळं होतं आणि अजून तेच आहे: घर वाढावं म्हणूनच तर भिंती सुट्या ठेवल्या होत्या. माणसं सुखवस्तू झाली, घरं वाढली, आणि चौक तरीही चौकच राहिले. त्यांत पोरं खेळतात, दुपारी बायका बोलत बसतात. आर्किटेक्टनं काय पक्कं करायचं आणि काय राहणाऱ्यावर सोडायचं, हे मी तिथं शिकले. माझ्या पुढच्या सगळ्या कामाची मुळं त्या चौकांत आहेत.

चौथ्या वर्षी एक सत्र ऑफिसात प्रॅक्टिकल ट्रेनिंग. दारं-खिडक्यांचे तक्ते, संडास-बाथरूमचे डिटेल, महापालिकेच्या नकाशावर नवं काम लाल आणि पाडायचं काम पिवळं. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पण फरशीचा तुकडा कुठं पडणार हे आधी काढायचं असतं, ही शिस्त तिथली.

आणि मग पाचव्या वर्षीचा थिसिस. इथं विषय स्वतःच निवडायचा असतो. मी ऊसतोड कामगारांच्या तळाचा घेतला. आमच्या भागात गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून कुटुंबंच्या कुटुंबं येतात, मुकादमाकडून उचल घेतलेली. हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पाच-सहा महिने राहायचं ते कोपीत: काटक्या-बांबूंची कमान, वर पाचट नाहीतर ताडपत्री, आत ताठ उभंही राहता येत नाही. पहाटेच्या अंधारात उठून बायका भाकरी करतात आणि फडात जातात. आंघोळीला आडोसा नाही, संडास नाही, पाणी लांबून. त्याच साखरपट्ट्यात आम्ही वाढलो आणि या कोप्या रस्त्यावरून बघत आलो. थिसिसमुळे मी पहिल्यांदा आत जाऊन बसले.

माझ्या मनात सुरुवातीला बांबूच्या सुंदर घरांची चित्रं होती. तिथल्या बायकांनी घराबद्दल फारसं काही मागितलं नाही. "ताई, कोपी आमची आम्ही घालतो," एक मावशी म्हणाल्या, "आतून कडी लागंल अशी न्हाणी दे." दुसऱ्या घरातल्या माणसाचं म्हणणं एकच: रात्री पडल्या पडल्या बैल दिसले पाहिजेत. बैल म्हणजे त्यांचं सगळं भांडवल. या दोन वाक्यांनी माझा सगळा प्लॅन बदलला. गोठा वस्तीच्या टोकाला होता तो मधे आला, कोप्यांची तोंडं त्याच्याकडे वळली.

त्याच वेळी मी इंदूरच्या अरण्य वसाहतीचा अभ्यास करत होते. पुण्यात जन्मलेले, जे.जे.त शिकलेले बाळकृष्ण दोशी, ज्यांना 2018 साली वास्तुकलेतलं सर्वोच्च मानलं जाणारं प्रित्झकर पारितोषिक मिळालं, त्यांनी आखलेली ही वसाहत, साधारण साडेसहा हजार भूखंडांची. गरिबातल्या गरिबाला तिथं तयार घर दिलं नाही. जोतं, पाणी, संडास असा गाभा दिला, बाकीचं ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे बांधायचं. माझ्या तळाचं उत्तर त्यातून सापडलं. पक्कं काय? पाणी न साचेल असं दगडी जोतं, चुलीची जागा, नळ, आणि विटांच्या न्हाण्या-संडास. सुटं काय? बांबूच्या कमानी, हंगाम संपला की उतरवून गोदामात ठेवायच्या. उरलेले सहा-सात महिने त्या जोत्यांवर गावाचा बाजार भरू शकेल, अशी मांडणी.

ज्युरीत मला डिझाइनपेक्षा जास्त पैशांबद्दल विचारलं. जमीन कुणाची? खर्च कारखान्याचा, मुकादमाचा की सरकारचा? मुलं साखरशाळेत, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या हंगामी शाळेत, जाणार असतील तर ती शाळा तळावर का नाही? शाळेचं पटलं, ती नकाशात आली. पैशांच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नव्हतं आणि पंचवीस वर्षांच्या आतल्या मुलीकडे ते असावं अशी अपेक्षाही नव्हती. पण तो प्रश्न मोठ्यानं विचारला जाणं फार महत्त्वाचं होतं.

तो तळ झाला नाही. पुण्यात काही वर्षं नोकरी करून मी वाईला स्वतःचं छोटं ऑफिस थाटलं, तेव्हा एका गुऱ्हाळाच्या मालकांना कामगारांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. त्यांच्या डोक्यात एका रांगेत चार खोल्या आणि वर पत्रा, एवढंच होतं. मी त्यांच्याशी न्हाण्यांबद्दल बोलले, जोतं उचलून घेण्याबद्दल बोलले, चूल कुठं पेटते ते विचारलं. खर्च थोडा वाढला, त्यांनी मान्य केला. हे प्रश्न मला त्या गुऱ्हाळावर सुचले नसते. घर बांधायला आलेल्या माणसाला घाई असते, मुहूर्त ठरलेला असतो, कर्जाचा हप्ता सुरू झालेला असतो. एकाच प्रश्नात महिनोन् महिने डोकं घालायची मुभा स्टुडिओनंतर कुणी दिली नाही.

आता पालकांसाठी. सिव्हिल चार वर्षांचं, आर्किटेक्चर पाच. प्रवेशासाठी नाटा किंवा जेईईचा आर्किटेक्चरचा पेपर. पदवी मिळाली म्हणून लगेच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, 1972च्या कायद्यानुसार वास्तुकला परिषदेत नोंदणी करावी लागते. फीव्यतिरिक्त मॉडेलचं सामान, मोठे प्रिंट, साइट व्हिजिटचे प्रवास असा खर्च दर सत्राला येतो, तो आधीच धरून ठेवा. आणि सबमिशनच्या आधी 'नाइट मारणं', म्हणजे रात्रभर जागणं, हे मुलं मोठ्या अभिमानानं सांगतात, त्याचं कौतुक करू नका. थकलेल्या डोक्यानं काढलेला जिना कुठंच पोचत नाही. मुलगी वेळेवर झोपत असेल तर तिचं काम चांगलं चाललंय असं समजा.

माझ्याकडे ट्रेनिंगला येऊ इच्छिणारी मुलं पोर्टफोलिओ पाठवतात, आणि काय घालू असं विचारतात. संगणकावर केलेली संध्याकाळच्या उजेडातली चित्रं मी भराभर पुढे ढकलते, ती आता कुणालाही करता येतात. मी सेक्शन शोधते. साइटवर कुणाशी बोललात आणि त्यानंतर नकाशात काय बदललं, ते दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवा. चर्चेच्या वेळी सरांनी लाल पेननं गिरगटलेलं ट्रेसिंग असेल तर तेही घाला, स्कॅन धूसर आला तरी चालेल. प्रोजेक्ट तीनच असले तरी पुरे. आणि भेटायला याल तेव्हा मापाची टेप बरोबर आणा, कारण आपण बहुतेक बोलत बोलत कुठल्यातरी साइटवरच जाणार असतो.