ज्याच्या रानात जनावर चरतं, त्याच्या हातात काय पडतं?

टेक्सासमध्ये आपलं काळवीट आहे, चितळ आहे आणि रोही म्हणजे नीलगाय पण आहे. पारावर बसून हे सांगितलं तर आमच्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्याकडं कुणाचा विश्वास बसत नाही, पण खरंय. १९३२ च्या सुमारास तिथल्या हिल कंट्री नावाच्या भागात काळविटं आणि चितळं नेऊन सोडली, रोही साधारण त्याच काळात दक्षिणेला किंग रँचवर गेले (रँच म्हणजे गुरं पाळायचं मोठं रान), आणि आता तिकडंच रुळलेत. बाहेरून आणलेली जनावरं म्हणून त्यांना सीझनचं बंधन नाही, किती मारायची यालाही मर्यादा नाही, शिकारीचं लायसन्स आणि जमीनमालकाची परवानगी असली की झालं. आपल्याकडं काळविटाला हात लावला तर सरळ जेल, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या शेड्यूलमध्ये आहे, आणि तिकडं एका लॉजच्या भिंतीवर त्याचं पिळदार शिंगांचं मुंडकं टांगलेलं मी बघितलं, खाली सोफा, बाजूला टीव्ही. पोटात कालवलं हे खरं. पण त्या लॉजच्या मालकाशी दोन-तीन तास बोलल्यावर जे डोक्यात आलं ते अजून जात नाही म्हणून हे लिहितोय.

माझा धाकटा भाऊ ऑस्टिनला नोकरीला आहे, नोव्हेंबरात आम्ही त्याच्याकडं होतो. त्याच्या ऑफिसातला एकजण दरवर्षी हरणाच्या शिकारीला जातो, पैसे भरून, गाइड घेऊन, खाजगी रँचवर. भाऊ म्हणला, दादा तू हरणांनी एवढा वैतागलेला असतोस, चल बघ तरी हे लोक काय करतात. मी बंदूक धरणार नव्हतो, नुसतं सोबत बसायचं. गेलो लॅनो नावाच्या गावाकडं. तो भाग बघून मला आपलंच रान आठवलं, खडकाळ माळ, पातळ माती, जागोजाग निवडुंग, आणि मेस्किट नावाचं झाड तर आपल्या वेड्या बाभळीचंच भावंड, तसलेच काटे, तसल्याच शेंगा. पाऊस बेताचा. फरक एवढाच की रँच हजारो एकराची आणि मालक एक.

टेक्सासमध्ये पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास जमीन खाजगी आहे, त्यामुळं शिकार म्हणजे कुणाच्या तरी रानात पैसे देऊन जाणं. त्यातली बरीच कुटुंबं आधी गायी, शेळ्या-मेंढ्या पाळायची, आता कित्येकांना हरणांतून मिळणारा पैसा गुरांपेक्षा जास्त आहे असं मालकाचं म्हणणं. पांढऱ्या शेपटीचं हरीण, व्हाइटटेल म्हणतात, त्याचा एक चांगल्या शिंगांचा नर गाइड घेऊन मारायचा तर काही हजार डॉलर, आणि शिंगं जेवढी मोठी तेवढा दर चढत जातो. शिंगं टेपनं इंचात मोजतात. बून अँड क्रॉकेट म्हणून १८८७ पासूनचा क्लब आहे, थिओडोर रूझवेल्टनं काढलेला, त्यांची मोजायची पद्धत सगळीकडं चालते, त्यांच्या मोठ्या यादीत जायचं तर सरळ वाढीच्या व्हाइटटेलला १७० आणि एल्क नावाच्या थोराड हरणाला ३७५ गुण लागतात.

पहाटे अंधारात ब्लाइंडमध्ये जाऊन बसलो. ब्लाइंड म्हणजे पायांवर उभी केलेली छोटी खोली, आपल्या जागलीच्या माळ्यासारखीच, फक्त बंद आणि खिडक्यांची. समोर शंभरेक यार्डांवर फीडर, त्यात मका भरलेला, ठरलेल्या वेळेला आपोआप घर्रर्र करून फिरतो आणि मका चौफेर उडवतो. आवाज झाला की हरणं येतात, आधी माद्या आणि पाडसं, नर सगळ्यात शेवटी आणि तोही झाडाच्या आडोशाला उभा राहून वास घेत. गाइड साठीकडं झुकलेला माणूस, फार कमी बोलायचा. एक नर आला, शिंगं कानांच्या बाहेर गेलेली, दहा फाटे, मला वाटलं आता गोळी सुटणार. गाइडनं दुर्बीण खाली घेतली आणि मान हलवली. नाही. तीन-साडेतीन वर्षांचा आहे म्हणला, पाय लांब दिसतात, पोट वर खेचलेलं, मान अजून खांद्यापाशी बारीक. अजून दोन वर्षं जगू दे. मग बऱ्याच वेळानं दुसरा आला, पाठ जराशी खचलेली, पोट लोंबणारं, मान एवढी जाड की खांदा कुठं सुरू होतो कळेना, आणि पाय बुटके वाटत होते. हा चालेल म्हणला. तरी पण लगेच नाही, मागं एक मादी उभी होती, ती बाजूला होईपर्यंत थांबवलं, मग तो आडवा होईपर्यंत थांबवलं. गोळी खांद्याच्या मागं, काळीज-फुप्फुसात, दुसरीकडं नाही.

गोळी लागल्यावर हरीण उडी मारून झाडीत गेलं. मला वाटलं आता पळत जातील मागं. कुणी हललं नाही. अर्धा तास तसंच बसलो, मग खाली उतरून गाइडनं वाकून रक्ताचा पहिला थेंब शोधला. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, जनावर जवळच पडलेलं असतं. काळपट लाल असलं तर काळजाखालचा अवयव, यकृत, मग थांबायचं. हिरवट घाण दिसली तर आतड्याला लागलं, मग कित्येक तास मागं जायचं नाही, नाहीतर ते जखमी जनावर मैलभर पळतं आणि हकनाक हाल होऊन मरतं. एका गवताच्या पात्याच्या खालच्या बाजूला मोहरीएवढा डाग होता, तो त्या माणसाला दिसला. मला दाखवूनसुद्धा दिसायला वेळ लागला.

आणि तिथंच मला आमच्याकडचे पारधी बाबा आठवले. लहानपणी आमच्या वस्तीच्या पलीकडं त्यांचं पाल असायचं. मातीतल्या खुरावरून नर की मादी, चालत गेलं की पळत, सकाळचं की रात्रीचं, हे ते सहज सांगायचे. फासेपारधी लोक फास लावून काळवीट धरायचे, शिकवलेल्या बैलाच्या किंवा गायीच्या आडून हळूहळू कळपाजवळ जायचे, ही त्यांची पिढ्यान्पिढ्यांची विद्या. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अशा जमातींवर जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारायला सुरुवात केली, निजामाच्या राज्यातही तसलाच कायदा होता, १९५२ ला तो शिक्का कागदावरून गेला पण लोकांच्या मनातून अजून गेलेला नाही, आजही कुठं चोरी झाली की आधी पालावर गाडी जाते. टेक्सासचा गाइड तीच विद्या वापरतो आणि त्याला दिवसाचा पगार, वर टिप, लोक आदरानं हात मिळवतात. त्या सकाळी मला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

एल्कचं मी स्वतः काही बघितलं नाही, पण भावाच्या त्या मित्रानं न्यू मेक्सिकोत डोंगरातल्या रँचवर केलेल्या शिकारीचे व्हिडिओ दाखवले. एल्क हा आपल्या सांबराच्या नात्यातला पण त्याच्याहून थोराड, नर तीनशे किलोच्या पुढं जातो. सप्टेंबरात माजावर आला की लांबलचक शीळ घालतो, एवढ्या मोठ्या जनावराच्या गळ्यातून एवढा बारीक आवाज निघतो की अंगावर काटा येतो. गाइड तोंडात पातळ पडदा धरून नळीतून तीच शीळ घालतो, आणि दुसरा नर आलाय असं वाटून तो चिडून जवळ येतो. मारल्यावर खरं काम सुरू होतं, चार भाग करून पाठीवर नाहीतर खेचरावर घालून खाली आणायचं. शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात, वाढताना त्यावर मखमली कातडी असते, मोठ्या नराची जोडी पंधरा किलोच्या वर भरते. काही महिन्यांत एवढं हाड अंगावर तयार करायचं म्हणजे त्याला चारा, खनिजं, पाणी सगळं भरपूर लागतं, म्हणून चांगली शिंगं म्हणजे चांगलं रान असं तिथला रँचवाला मानतो.

आता माझ्या मुद्द्याचं. तिकडचं व्हाइटटेल किंवा न्यू मेक्सिकोतला एल्क कुणाच्या रानात उभा असला तरी मालकी जनतेची, सरकारनं परवाना दिल्याशिवाय रँचवालासुद्धा मारू शकत नाही. पण न्यू मेक्सिकोत सरकार मानतं की एल्क तुझ्या कुरणात चरतो, तुझं पाणी पितो, तुझं कुंपण तोडतो, म्हणून ठराविक परवान्यांचा हक्क जमीनमालकाला देतात आणि तो हक्क तो विकू शकतो, ई-प्लस म्हणतात त्या योजनेला. म्हणजे एल्क जेवढा सुखात तेवढा मालकाच्या खिशात पैसा. शिवाय बंदुका आणि काडतुसांवर केंद्राचा कर आहे, रायफलीवर ११ टक्के, १९३७ च्या कायद्यानं तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. १९०० च्या आसपास अख्ख्या देशात एल्क एक लाखाच्याही खाली आले होते, आज दहा लाखांच्या घरात आहेत. कायदा, बंदी, नव्या जागी नेऊन सोडणं अशी कारणं पुष्कळ आहेत, पण जमीनवाल्याला जनावर परवडलं हेही त्यातलं मोठं कारण आहे असं माझं मत झालंय.

सगळं गोड नाही. उंच जाळीच्या कुंपणात हरणं पैदास करून, पेंड खाऊ घालून, राक्षसी शिंगांचे नर तयार करतात आणि यादीतून निवडून मारायला देतात, तो प्रकार मला अजिबात पटला नाही, आणि बून अँड क्रॉकेटवालेही असल्या कोंडलेल्या जनावराची नोंद घेत नाहीत. त्यात क्रॉनिक वेस्टिंग नावाचा रोग आहे, १९६७ ला कोलोराडोत पहिल्यांदा दिसला, मेंदू पोखरतो, जनावर वाळून मरतं, औषध नाही, आणि २०१५ ला टेक्सासच्या पैदास केंद्रातल्या व्हाइटटेलमध्ये तो सापडला. कोंडून गर्दी केली, इकडून तिकडं ट्रकनं हलवलं की रोग सोबत जातो.

आमच्याकडं कसंय बघा. हरभरा पेरला, उगवून चार पानं आली की हरणं शेंडा खुडतात. तूर फुलात आली की रोही आडवेतिडवे पळतात, खातात कमी आणि मोडतात जास्त. रात्रभर जागल करायची, डबे वाजवायचे, बांधाला जुन्या साड्या बांधायच्या, झटका मशीन घ्यायचं, ते घ्यायला परत कर्ज. कुणी वैतागून तारेत थेट करंट सोडतो आणि त्यात जनावरापेक्षा माणूसच मरतो, असल्या बातम्या दरवर्षी वाचतो आपण. नुकसानभरपाईसाठी अर्ज करायचा, वनखात्याचा माणूस, तलाठी, कृषी सहायक यांनी मिळून पंचनामा करायचा, तिघांची वेळ जुळेपर्यंत हरभरा परत फुटलेला असतो आणि मग नुकसान दिसत नाही. म्हणजे ज्याच्या रानात जनावर चरतं त्याच्या हातात फक्त तोटा. तो शेतकरी हरणावर प्रेम करतो, अजूनही करतो, माझी आई पाडसाला दगड मारू देत नाही कुणाला, पण प्रेमावर किती वर्षं पीक सोडायचं?

मग तू काय इथं शिकार चालू करा म्हणतोस का, असं भावानं पण विचारलं. नाही. आमच्याकडं दोन-दोन, तीन-तीन एकराचे तुकडे आहेत, वस्त्या रानातच, रायफलची गोळी चुकली तर शेजारच्याच्या गोठ्यात जाईल. बिहारमध्ये २०१६ ला मोकामाच्या बाजूला बाहेरून शूटर आणून दोनशेच्या वर रोही मारले, त्यातून शेतकऱ्याला रुपया मिळाला नाही. आणि काळविटाला तर मी मारू देणार नाही, एवढं देखणं जनावर या माळावर उरलंय हेच आपलं भाग्य.

पण पैसे मात्र जिवंत जनावराचे मिळायला पाहिजेत, आणि ते शेतकऱ्याला आणि पारध्याला मिळायला पाहिजेत. शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीला १९८० पासून काळवीट अभयारण्य आहे, जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं, म्हणजे तिथलं काळवीट चरायला कुणाच्या रानात जात असेल ते सांगायची गरज नाही. २०२४ ला पुणे वनविभागानं इंदापूरच्या कडबनवाडीत आणि बारामतीच्या शिर्सुफळला गवताळ रानाची सफारी चालू केली, गावातलीच पोरं गाइड म्हणून घेऊन. हे आमच्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासारकडं का होऊ शकत नाही? नायगावचं मोर अभयारण्य तर पाटोद्यातच आहे. गायरानं आहेत, त्यातली निम्मी अतिक्रमणात गेली, उरलेल्यांवर गवत राखलं तर हरणं पिकात कमी येतील. ज्यानं दोन एकर पडीक गवताला सोडलं त्याला एकरी ठराविक रक्कम द्या, पंचनाम्याची भीक नको. आणि माग काढायला, कळप दाखवायला पालावरचीच माणसं ठेवा, पगारावर, ओळखपत्र देऊन.

पुढच्या ग्रामसभेत मी गायरान मोजणीचा ठराव मांडतोय. आपल्या भागातल्या ज्यांची रानं माळाला लागून आहेत त्यांनी सातबारा घेऊन या, आणि मागच्या हंगामात हरणांनी कुठल्या गटात किती पीक खाल्लं ते तारखेसकट लिहून आणा, नुसतं तोंडी सांगितलेलं तिथं कुणी ऐकत नाही.