रंगकामानंतर अडलेले इंटरनेट : माझा अनुभव

पुण्यातील आमच्या घराचे रंगकाम आटोपल्यावर बाबांचा डेस्कटॉप पुन्हा जागेवर लावला, तेव्हा त्यावर एकही संकेतस्थळ उघडेना. संगणक व्यवस्थित सुरू होत होता, राउटरवरचे दिवे नेहमीसारखे हिरवे होते आणि त्याच राउटरच्या वायफायवर आईचा मोबाइल सुरळीत चालत होता. सेवा देणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्राने राउटरच्या मागील छिद्रात पिन घालून तो मूळ स्थितीत आणण्यास सांगितले. मी तसे केले नाही, कारण आमच्या जोडणीचे पीपीपीओई (कंपनीच्या सेवेत लॉग-इन होण्याची पद्धत) वापरकर्ता-नाव व पासवर्ड राउटरमध्येच भरलेले आहेत; ते पुसले गेले असते, तर मोबाइलवर चालू असलेले इंटरनेटही बंद पडले असते. बिघाड कोठे आहे हे कळण्यापूर्वी चालू असलेल्या गोष्टीला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून संगणकापासून बाहेरच्या दिशेने एकेक टप्पा तपासत जायचे ठरवले. कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजला लिहून आज्ञा देण्याच्या खिडकीत) संगणकाचा नेटवर्कवरील पत्ता दाखवणारी आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिल्यावर १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला. तो १६९.२५४ ने सुरू होणारा असता, तर राउटरकडून संगणकाला पत्ताच मिळालेला नाही असे समजून आधी केबल आणि नेटवर्क कार्ड पाहावे लागले असते. त्यानंतर राउटरला पिंग केले, म्हणजे उत्तर येते का हे पाहणारा छोटा संदेश पाठवला, मग गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला आणि शेवटी एका संकेतस्थळाच्या नावाला. सगळीकडून उत्तर आले. म्हणजे लॅन केबल, राउटर, बाहेरची फायबर आणि नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस यंत्रणा यांपैकी काहीही बंद नव्हते. अडचण होती ती ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातील सुरक्षित जोडणीत.

ब्राउझरच्या इशाऱ्यात प्रमाणपत्राचा (संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याचा) उल्लेख होता आणि पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख कित्येक वर्षे मागची दिसत होती. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला आरंभाची व समाप्तीची तारीख असते, आणि सप्टेंबर २०२० पासून दिलेले प्रमाणपत्र ३९८ दिवसांहून अधिक मुदतीचे असेल तर प्रमुख ब्राउझर ते मानत नाहीत. साहजिकच, काही वर्षे मागे गेलेल्या संगणकाला आजची सगळीच प्रमाणपत्रे ‘अद्याप लागू न झालेली’ वाटतात आणि तो ती नाकारतो. मोबाइल आपली वेळ मोबाइलच्या नेटवर्कवरून घेत असल्यामुळे त्याला हा त्रास झाला नाही. विंडोजही इंटरनेटवरून वेळ जुळवून घेते, परंतु फरक फार मोठा असेल तर ती दुरुस्ती आपोआप होत नाही.

तारीख हाताने बदलताच संकेतस्थळे उघडली. मात्र मुख्य बटण बंद करून पुन्हा चालू केल्यावर घड्याळ परत मागे गेले. मदरबोर्डवरील (संगणकाच्या मुख्य सर्किट पाटीवरील) सीमॉस बॅटरी, म्हणजे वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारी छोटी बॅटरी, संपली होती. संगणक बंद असला तरी प्लगमध्ये वीज असेपर्यंत घड्याळ त्या विजेवर चालते, म्हणून क्षीण झालेली बॅटरी एरवी लक्षात येत नाही. रंगकामाच्या काळात संगणक भिंतीपासून दूर, वीजजोडणीविना पडून राहिला आणि बॅटरीची अवस्था उघड झाली. तपकीर गल्लीतून सीआर २०३२ ही ३ व्होल्टची बॅटरी आणली. प्लग काढला, आत उरलेली वीज निघून जावी म्हणून चालू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरले, अंगावरील स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या धातूला स्पर्श केला आणि अधिक चिन्ह वर ठेवून नवी बॅटरी बसवली. यानंतर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या संगणकाच्या मूळ प्रणालीत) केवळ तारीख भरून थांबू नये. बॅटरी संपल्यावर बायोसची मांडणी मूळ स्थितीत जाते आणि जुन्या मदरबोर्डवर हार्डडिस्कशी जोडणीची पद्धत नव्या एएचसीआयऐवजी जुनी आयडीई झाली, तर विंडोज सुरूच होत नाही. अशा वेळी घाबरून विंडोज नव्याने टाकणारे लोक मी पाहिले आहेत. आमच्या संगणकात ती मांडणी टिकून होती, तरी मी प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवले.

इंटरनेट सुरू झाले, पण वेग अर्धाच होता. आमची योजना २०० एमबीपीएसची असताना डेस्कटॉपवर जेमतेम ९४ मिळत होते, तर राउटरजवळ ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर मोबाइलला पूर्ण वेग मिळत होता. ९४-९५ हा आकडा सतत दिसला की केबलकडे पाहावे, कारण १०० एमबीपीएसच्या जोडणीतून प्रत्यक्षात साधारण तेवढाच वेग हाती येतो. विंडोजमध्ये इथरनेटच्या स्थितीतही १०० एमबीपीएसच लिहिलेले होते. लॅन केबलमधील आठ तारांपैकी १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या तारांवर १०० एमबीपीएस चालते, १ जीबीपीएसला मात्र आठही तारा लागतात. त्यामुळे उरलेल्या चारपैकी एखादी तार तुटली तर इंटरनेट बंद न पडता गुपचूप मंदावते. आधी एक छोटी तयार पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली लॅन केबल) लावून पाहिली, तेव्हा जोडणी लगेच १ जीबीपीएस झाली आणि संगणक व राउटर दोन्ही निर्दोष ठरले. मग भिंतीलगतच्या केबलला टेस्टर लावला, तर सातवा दिवा लागेना. कपाट सरकवताना केबल टोकाशी ओढली गेली होती.

खराब टोक कापून नवा आरजे-४५ कनेक्टर बसवला. दुसऱ्या टोकाचा क्रम पाहून तोच येथे ठेवला : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तारांचा पीळ १३ मिलिमीटरहून अधिक उलगडू दिला नाही, कारण शेजारच्या तारांतील संकेतांची सरमिसळ त्या पिळामुळेच रोखली जाते. क्रिम्पिंगनंतर, म्हणजे कनेक्टर खास पकडीने दाबून पक्का केल्यावर, टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागले, विंडोजने १ जीबीपीएस दाखवले आणि बाबांच्या टेबलावर योजनेचा पूर्ण वेग मिळू लागला. केबल आता कपाटामागून न नेता वीजतारांपासून वेगळ्या पीव्हीसी पट्टीतून नेली आहे आणि टेबलापाशी तिला थोडी सैल लांबी ठेवली आहे.