यामे म्हणायला कुणी नव्हतं

गेल्या जुलैत माझा साडेसहाशे रुपयांचा रेनकोट ठाण्यात कोपरीतल्या एका गल्लीत राहिला. तो का राहिला हे सांगायचं तर आधी नऊ वर्षं मागं जायला हवं.

मुलगा सात वर्षांचा असताना त्याला कराटेला घातलं. हॉलबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर तासभर मोबाईल बघत बसण्यापेक्षा आत जाऊन उभं राहू, म्हणून मीही फी भरली. वर्षभरात तो कंटाळून क्रिकेटला गेला, मी मात्र राहिले. तेव्हा मी चौतीसची होते. आठवड्यातून तीन दिवस किहोन म्हणजे मूलभूत ठोसे-लाथा, काता म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, आणि जोडीनं केलेला मोजूनमापून सराव. समोरची आधी सांगणार, ‘जोदान’, म्हणजे ठोसा तोंडावर येणार. मग ती एक पाऊल पुढं टाकून मारणार, मी अडवून उलटा ठोसा लावणार, आणि माझं सगळं आटपेपर्यंत ती बिचारी हात तसाच पुढं धरून उभी. पट्टे बदलत ब्राऊनपर्यंत पोचले. घरी कुणी आलं की आमचे हे कौतुकानं सांगायचे, हिच्या वाटेला जाऊ नका.

मग एकदा गावाहून अण्णा आले. माझे वडील वाळवा तालुक्यातले. तरुणपणी पाच वर्षं तालमीत काढलेली, कान अजून मोडलेले आहेत. क्लासला सोबत आले, भिंतीला टेकून सगळं बघितलं, एक शब्द बोलले नाहीत. परतताना रिक्षात म्हणाले, “काय गं, त्यो माणूस हात धरून गप उभा ऱ्हाणार हाय व्हय?”

मला राग आला. हे तंत्र शिकायसाठी असतं वगैरे सांगितलं. ते म्हणाले, “डाव शिकायला धा मिनटं लागत्यात. घालायला सा म्हैनं. आमचा वस्ताद म्हणायचा, गडी ऐकंना झाला की मगच डावाला हात घालायचा.”

ते गेले, पण प्रश्न काही जाईना. शेवटी नौपाड्यात एका शाळेच्या तळमजल्यावर ज्युदोचा क्लास चालतो, तिथं जायला लागले. तिथल्या सरांनी पहिल्या महिन्यात मला फक्त पडायला शिकवलं. हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि पाठ टेकायच्या क्षणी दोन्ही हात अंगापासून थोडे लांब जमिनीवर सपकन. चाळिशीतली बाई शंभर वेळा मागं पडतेय म्हटल्यावर शेजारची पोरं हसायची. मलाही वाटायचं, पैसे देऊन पडायला कुठं आले!

दुसऱ्या महिन्यात रांदोरी, म्हणजे मोकळी झोंबी. समोर कळव्याची एकोणीस वर्षांची मुलगी, माझ्यापेक्षा सहा-सात किलोनं हलकी. तिनं कॉलर धरली आणि माझी नऊ वर्षं कुठं गेली कळलं नाही. श्वास कोंडून धरलेला, डोळे मिटलेले, पाय गादीला चिकटल्यासारखे. अर्ध्या मिनिटात जिना चढून आल्यासारखी धाप. सर कडेनं ओरडत होते, “श्वास सोडा मॅडम, आधी श्वास!” मी चार वेळा पडले. पाचव्यांदा तिनं मला पाडायचंच सोडून दिलं, दया आली असावी.

एक गोष्ट मात्र तिथंच कळली, आणि ती मला काता करून जन्मात कळली नसती. दे-आशी-बाराई नावाचा डाव आहे. दिसायला सोपा: समोरच्याचा पुढं येणारा पाय आपल्या तळव्यानं झाडून टाकायचा. सरावात जोडीदार पाय पुढं करून उभा राहतो, आपण झाडतो, तो पडतो. रांदोरीत तोच पाय झाडला की खांबाला लाथ मारल्यासारखं होतं, वर आपल्याच नडगीला टेंगूळ. कारण पाय जमिनीवर रोवला गेलेला असतो, वजन त्याच्यावर आलेलं असतं. तो उचललेला असताना मारावं तर तो माणूस दुसऱ्या पायावर निवांत. या दोन्हींच्या मधे एक क्षण असतो. पाऊल टेकतंय, पण वजन अजून यायचंय. तेवढ्यात झाडला तर माणूस आपणहून बसल्यासारखा खाली जातो. तो क्षण डोळ्यांना दिसत नाही, आपण त्याच्या बाहीला धरलेलं असतं त्या हाताला कळतो. बाही एवढीशी हलकी होते. मला तो पहिल्यांदा सापडायला पाच महिने लागले. अण्णांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, “ती खडाखडी गं.” म्हणजे कुस्तीतली उभ्यानं चालणारी झटापट. “खडाखडीतच कुस्ती असती निम्मी.”

ज्युदो जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये सुरू केला. त्यांनी केलेली एक वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले ठोसे, लाथा आणि इतर घातक प्रकार त्यांनी कातापुरते ठेवले, आणि जे पूर्ण जोर लावूनही समोरच्याला जायबंदी न करता करता येतं ते रांदोरीला घेतलं. वरवर बघता यानं धार कमी व्हायला हवी. झालं उलटंच. ‘आमचं तंत्र इतकं घातक आहे की ते खरोखर करून बघताच येत नाही’ असं सांगणारे खूप भेटतात, पण जे कधी करूनच बघितलं नाही ते ऐनवेळी येईल याची खात्री कशावर? लाल मातीतही ठोसा नाही की लाथ नाही, पण समोरचा रोज खराखुरा नाही म्हणतो. (कराटे शिकवणाऱ्यांनी चिडू नये. कराटे मी अजून सोडलेलं नाही.)

आता जुलै. रात्री पावणेनऊच्या सुमारास ऐरोलीहून आलेली गाडी ठाण्याला दहा नंबरला लागली, मी पूर्वेला उतरले. पाऊस बारीक, आमच्या बाजूची वीज गेलेली. खांद्याला पर्स, एका हातात छत्री आणि पावभाजीचे पाव. रेनकोटची चेन आठवडाभर बिघडलेली, म्हणून तो पुढून उघडाच. गल्लीत दोन रिक्षा लावलेल्या, त्यांच्या मधून एकजण पुढं आला. “मॅडम, किती वाजले?”

मी घड्याळात बघितलं. ही पहिली चूक. चालता चालता “नऊ” म्हणून पुढं जायचं, हे आम्ही वर्गात इतरांना सांगतो. बघून मान वर करेपर्यंत तो हातभर अंतरावर होता आणि त्यानं माझं मनगट धरलं. दारूचा वास आला.

आणि सुटका आली! अंगठा आणि बोटांच्या मधली फट बघायची, मनगटाची अरुंद बाजू तिकडं वळवायची, कोपर पुढं टाकून हात काढायचा. हजार वेळा केलेलं. छत्री पडली, हात सुटला, एकदम स्वच्छ.

आणि मी थांबले.

अक्षरशः उभी राहिले. पॉइंट कुमितेत, म्हणजे गुणांवर चालणाऱ्या कराटेच्या लढतीत, मार लागला की पंच ‘यामे’, म्हणजे ‘थांबा’, म्हणतात, दोघंही मागं येऊन आपापल्या रेषेवर उभे राहतात. मी एक पाऊल मागं आले आणि पंचाची वाट बघितल्यासारखी उभी. सेकंदभर असेल फार तर. इतकी वर्षं सुटका शिकले होते तसंच सुटका झाल्यावर थांबणंही शिकले होते, तेही तितकंच पक्कं. एवढ्या वेळात त्यानं रेनकोटची बाही दोन्ही हातांनी पकडली आणि ओढली.

ओल्या प्लास्टिकवर कसलं मनगट आणि कसला अंगठा. मी मागं रेटलं, तो पुढं ओढतोय, चेन उघडी, रेनकोट आणि पर्स दोन्ही खांद्यावरून निसटले. पर्स कोपरात अडकली, रेनकोट सुटला आणि मी पाठीवर पेव्हर ब्लॉकवर. हनुवटी छातीला होती. हात सपकन वाजला हे मला ऐकू आलं, पाण्याच्या डबक्यात वाजतो तसा. कोपर सोलवटलं, डोकं मात्र टेकलंच नाही. उठले, “सोड रे!” असं काहीतरी ओरडले (तेव्हा सोडायचं काही उरलं नव्हतं) आणि पळाले, ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये, तिथं इन्व्हर्टरचा दिवा होता. मेडिकलवाल्यानं आधी पाणी दिलं, मग कोपर बघून कापूस. तिथं बसल्यावर गुडघे असे थरथरायला लागले की बाटलीचं झाकण लावता येईना. पाव मात्र कसे कोण जाणे, हातातच होते, पार चपटे.

दुसऱ्या दिवशी चौकीत सांगून आले. क्लासमध्ये ज्याला त्याला एकच प्रश्न: एक ठोसा तरी मारलास की नाही? नुसत्या मुठीनं कवटीवर मारलं तर बऱ्याचदा आपल्याच करंगळीच्या मुळाचं हाड मोडतं, हे मी त्यांना सांगत बसले. आमच्यात एक वकीलबाई आहेत, त्यांचं म्हणणं वेगळं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ ही कलमं खासगी बचावाच्या हक्काची आहेत, पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायचा हक्क कलम ३७ देत नाही. “तू फक्त रेनकोट दिलास,” त्या म्हणाल्या, “केस एकदम मजबूत.” अण्णांना कळवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पडलीस न्हवं नीट?”

ऑगस्टमध्ये सरांना विचारून एक शनिवार वेगळा काढला. गादी नाही, गणवेश नाही. ऑफिसचे कपडे, पर्स, छत्री, शाळेचा जिना, अर्धे दिवे बंद. कळव्याची ती मुलगी हल्लेखोर. कधी मनगट, कधी पर्सचा पट्टा, कधी नुसतंच पत्ता विचारून निघून जायची, कारण दर वेळी हल्ला होणार हे माहीत असलं की तोही कवायतीसारखाच होतो. नियम एकच: हात सुटला तरी थांबायचं नाही, जिन्याच्या वरच्या दारापर्यंत जायचं. पहिल्या दिवशी सातपैकी पाच वेळा मी सुटून थांबले. सहाव्यांदा तिनंच ढकललं, “ताई, पळा ना!”

रेनकोट नवा घ्यावाच लागला. स्टेशन रोडच्या दुकानात चेनवाला चांगला दिसत होता, पण मी घालून आमच्या ह्यांना म्हटलं, बाही ओढा. त्यांनी लाजत ओढली. म्हटलं, जोरात. दुकानदार हिशेब सोडून बघायला लागला. चेन काही सुटेना, मीच काउंटरवर आपटले. मग टिचबटणांचा काढायला लावला. दुसऱ्या हिसक्याला टपटपटप सगळी बटणं सुटून तो ह्यांच्या हातात.

“हा द्या,” मी म्हटलं. दुकानदार म्हणाला, “अहो ताई, पण हा तर लगेच उघडतोय.”