अठ्ठेचाळीस

4 जून 2024, मंगळवार. सकाळी आठला लोकसभेची मतमोजणी सुरू होणार म्हणून सासऱ्यांनी साडेसातलाच टीव्ही लावला. मी गॅसवर चहा ठेवला आणि तो दोनदा उतू गेला. शेगडी पुसायची शुद्ध कोणाला होती!

एक्झिट पोलवाल्यांनी तीन दिवस आधीच सरकार बसवून टाकलं होतं. दुपारपर्यंत कळलं, भाजप बहुमताच्या 272 च्या खालीच राहतोय. शेवटी 240. पण आमच्या जोगेश्वरीकरांचा जीव दिल्लीत नव्हताच, आमच्या मतदारसंघाची मोजणी चालली होती त्या गोरेगावच्या नेस्को सेंटरमध्ये तो अडकला होता. वायकर की कीर्तिकर? दोघेही शिवसेनेचे, एक शिंद्यांचे, एक ठाकऱ्यांचे. आमच्या घरातही तशीच फाळणी, म्हणून जेवताना कोणी कोणाशी बोलेना.

आमटी गार झाली. आधी एक पुढे, मग दुसरा. मशीनच्या मतांत कीर्तिकर पुढे. किती, तर एका मताने! नऊ लाखांहून जास्त मतं या दोघांना, आणि फरक एकाचा. मग टपाली मतं धरली आणि वायकर 48 मतांनी निवडून आले.

सासरे चष्मा काढून नुसते बसून राहिले. आमच्या जाऊबाई 20 मेला, मतदानाच्या दिवशी, रांग आणि ऊन बघून अर्ध्या वाटेवरून परतल्या होत्या. त्या मुकाट्याने उठल्या आणि भांडी घासायला लागल्या. पाळी खरं तर माझी होती.